मनगट जुळले, पण मूठ वळेना : मोडलेल्या हाताची निगा



पावसाळा लागला की आपल्या भागात हात मोडल्याच्या बातम्या घरोघर ऐकू येतात. तापीकाठची काळी माती ओली झाली की बांधावर पाय ठरत नाही. राजघाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते. केळीच्या बागेत ठिबकच्या नळीत पाय अडकतो, गोठ्यात शेणावरून घसरतो, मोटारसायकल चिखलात आडवी होते. तोल गेला की माणूस नकळत हात पुढे टेकतो. अंगाचा सारा भार तळहातावर येतो आणि मनगटाजवळचे हाड मोडते.

हाड मोडले की आपण डॉक्टरकडे जातो, प्लास्टर घालून घेतो आणि ते निघण्याची वाट पाहत बसतो. पुष्कळांचे नुकसान होते ते या वाट पाहण्यातच. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघते. एक्स-रेमध्ये हाड छान जुळलेले दिसते. पण बोटे सुजलेली, मूठ अर्धीच वळते, कोयता हातात ठरत नाही, गाईची धार काढता येत नाही. हाड बरे झाले आणि हात मात्र गेला, अशी गत होते. बहुतेक वेळा ही वेळ टाळता येते. ती कशी टाळावी, हे या लेखात क्रमाने पाहू.

१. नेमके काय मोडते?

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात. त्यांपैकी अंगठ्याच्या बाजूचे हाड मनगटाशी रुंद होते. हात टेकून पडल्यावर बहुधा तेच मोडते. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी या मोडीचे वर्णन १८१४ साली प्रसिद्ध केले. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ साली, म्हणजे त्यानंतर ८१ वर्षांनी. केवळ डोळ्यांनी पाहून आणि बोटांनी चाचपून त्यांनी ही मोड ओळखली. आजही डॉक्टर तिला कॉलिसची मोड म्हणतात.

ही मोड मुख्यतः दोन प्रकारच्या लोकांत दिसते. एक म्हणजे वाहनावरून किंवा झाडावरून जोरात पडलेले तरुण. दुसऱ्या म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या आया-बहिणी. पाळी गेल्यावर त्यांची हाडे ठिसूळ होत जातात, आणि मग अंगणात साधे घसरून पडले तरी मनगट मोडते.

२. सूज का येते आणि सांधे का आखडतात?

तापीला पूर येऊन गेला की घाटाच्या पायऱ्यांवर गाळ बसतो, हे आपण दर वर्षी पाहतो. गाळ ओला असताना झाडला तर बादलीभर पाण्याने निघून जातो. आठ-पंधरा दिवस तसाच राहू दिला तर वाळून दगडासारखा होतो आणि कुदळीने उकरावा लागतो.

हाताचेही असेच आहे. हाड मोडल्यावर आसपासच्या भागात पाणी उतरते. ते साधे पाणी नसते, त्यात चिकट द्रव्ये असतात. बोटे हलत राहिली तर स्नायू पंपासारखे दाबले जातात आणि हे पाणी वर ढकलले जाते. बोटे निपचित राहिली तर ते पाणी तिथेच मुरते, बोटे ओढणाऱ्या कंडरा आसपासच्या भागाला चिकटतात आणि सांध्यांभोवतीची आवरणे आक्रसतात. हाताच्या पाठीवर बोटे जिथून सुरू होतात, ते मोठे सांधे सरळ राहून आखडले तर मूठ वळणे फार अवघड होते.

म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. प्लास्टर मनगटाला असते, बोटांना नसते. विश्रांती मनगटाला द्यायची असते, बोटांना नव्हे.

३. पहिले आठ दिवस

(अ) अंगठी आणि बांगड्या ताबडतोब काढा. सूज दोन-तीन दिवस वाढतच जाते. अंगठी बोटात रुतली तर बोटाचा रक्तपुरवठा तुटतो. लग्नाची अंगठी काढायला पुष्कळ जणी कचरतात. निःसंकोच काढा, सूज उतरल्यावर पुन्हा घाला. निघत नसेल तर साबण लावून काढा. तरीही निघाली नाही तर दवाखान्यात कापून घ्या. अंगठी पुन्हा जोडता येते.

(आ) हात छातीपेक्षा उंच ठेवा. झोपताना दोन उशा किंवा घडी केलेली गोधडी घेऊन त्यावर हात ठेवा. बसताना कोपर खाली आणि बोटे वर असू द्या. चालताना हात लोंबकळू देऊ नका, तळवा दुसऱ्या खांद्याकडे धरा. गळ्यातली झोळी बाहेर जाताना ठीक आहे. पण ती दिवसभर घातली आणि हात पोटाशी लोंबत राहिला तर सूज उतरत नाही आणि खांदाही धरतो.

(इ) बोटे पहिल्या दिवसापासून हलवा. दुखेल, पण हाड त्याने हलणार नाही. बोटे हलवल्याने मोड सरकते ही भीती आपल्या लोकांत फार आहे. डॉक्टरांनी मुद्दाम मनाई केली नसेल तर ही भीती मनातून काढून टाकावी.

(ई) प्लास्टर कोरडे ठेवा. प्लास्टर असताना फवारणी करू नका. औषध प्लास्टरमध्ये झिरपले तर ते दिवसेंदिवस कातडीला लागून राहते. खाज सुटली म्हणून आत काडी किंवा सुई घालू नका. आत जखम झाली तर ती कोणालाच दिसत नाही.

(उ) डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला पुन्हा एक्स-रे काढून घ्या. पहिल्या दोन आठवड्यांत सूज उतरते, प्लास्टर सैल होते आणि हाड सरकू शकते. सरकलेले वेळीच कळले तर सुधारता येते.

४. त्याच रात्री दवाखान्यात जावे अशी लक्षणे

पुढीलपैकी एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

• गोळी घेऊनही दुखणे वाढतच जाते आणि दुसऱ्याने बोट सरळ करताच कळ असह्य होते.
• बोटे पांढरी, निळी किंवा गार पडतात. नख दाबून सोडले तर लाली दोन सेकंदांत परत यायला हवी. ती येत नसेल तर धोका आहे.
• बोटे बधिर होतात, मुंग्या वाढत जातात किंवा बोटे हलतच नाहीत.
• प्लास्टरला दुर्गंधी येते, त्यातून पाणी येते किंवा अंगात ताप भरतो.

पट्टी किंवा प्लास्टर फार घट्ट झाले, किंवा आत सूज फार वाढली, तर स्नायूंचे रक्त कोंडते आणि काही तासांत स्नायू मरू लागतात. पुढे बोटे पंजासारखी वाकडी होतात. जर्मन शल्यविशारद रिचर्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ साली या विकृतीचे वर्णन केले, म्हणून तिला त्यांचे नाव आहे. वेळेत गेले तर डॉक्टर प्लास्टर उभे चिरून सैल करतात. तेवढ्याने भागले नाही तर शस्त्रक्रिया करून कोंडलेला दाब मोकळा करतात, आणि हात वाचतो.

इथे हाडवैद्यांविषयी एक शब्द. आपल्या गावांत बांबूच्या कामट्या घट्ट बांधण्याची रीत आहे. बांधणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण त्या बंधाखाली रक्त कोंडले तर हात कापण्याचीही वेळ येते. मोड आहे अशी शंका आली तर आधी एक्स-रे काढावा.

५. प्लास्टरच्या दिवसांतील सहा हालचाली

साधारणपणे प्लास्टर पाच ते सहा आठवडे राहते. या काळात पुढील सहा हालचाली प्रत्येकी दहा वेळा कराव्यात. जागे असताना दर दोन तासांनी कराव्यात हे उत्तम. प्रत्येक वेळी शेवटच्या टप्प्यावर पाच आकडे मोजेपर्यंत थांबावे.

१. बोटे पूर्ण सरळ करा.
२. मोठे सांधे सरळ ठेवून फक्त पुढची पेरे आकड्यासारखी वाकवा.
३. मोठ्या सांध्यांतून बोटे वाकवा, पेरे सरळ ठेवा. पंजा घराच्या छपरासारखा दिसेल.
४. पूर्ण मूठ वळा. बोटांची टोके तळहाताला लागली पाहिजेत.
५. बोटे पसरा आणि पुन्हा जवळ आणा.
६. अंगठ्याचे टोक एकेका बोटाच्या टोकाला लावत करंगळीपर्यंत न्या.

यांशिवाय दिवसातून तीन-चार वेळा कोपर वाकवून सरळ करा आणि पूर्ण हात डोक्यावर उंच न्या. मनगट मोडलेल्या माणसाचा खांदा धरणे हे फार दिसते, आणि ते पुष्कळदा खांदा न हलवल्याने होते.

प्लास्टर तळहाताच्या आडव्या रेषेपुढे आलेले असेल आणि मोठे सांधे वाकत नसतील तर डॉक्टरांना सांगून तेवढा भाग कापून घ्यावा. स्वतः कापू नये.

संध्याकाळी घरी जपमाळ होते तेव्हा मणी मोडलेल्या हातानेच सरकवावेत. प्रत्येक मण्याला अंगठा आणि बोट एकमेकांना भेटतात, आणि प्लास्टरमध्येही हे सहज जमते. जेवणाचा घास उचलणे, शर्टाच्या गुंड्या लावणे, शेंगा सोलणे, लसूण निवडणे ही हलकी कामे त्याच हाताने करावीत. घरातल्यांनी जड काम काढून घ्यावे, हलके काम काढून घेऊ नये. मायेने सगळेच काम काढून घेतले की त्या मायेपायीच हात आखडतो.

६. प्लास्टर निघाल्यावर

त्या दिवशी हात पाहून मन खचते. कातडी कोरडी आणि पोपडे आलेली, दंड बारीक, मनगट लाकडासारखे. हे अपेक्षितच आहे. साबणाच्या कोमट पाण्याने हात धुवा, थोडे खोबरेल लावा आणि दुसऱ्या दिवसापासून नेमाने पुढील व्यायाम करा.

आधी कोमट पाण्याच्या घमेल्यात दहा मिनिटे हात बुडवून आतल्या आत बोटे हलवा. पाणी सोसवेल इतकेच गरम असावे. हात लाल, गरम आणि सुजलेला असेल तर गरम पाण्याऐवजी गार पाण्याची पट्टी ठेवा.

मग मनगटाचे व्यायाम :

• हाताचा पुढचा भाग टेबलावर ठेवून पंजा कडेबाहेर येऊ द्या. पंजा हळूहळू वर उचला, मग खाली सोडा.
• पंजा अंगठ्याच्या बाजूला आणि करंगळीच्या बाजूला वळवा.
• नमस्कारासारखे तळवे जोडून कोपरे बाहेर काढा. तळवे न सोडता हात हळूहळू कमरेकडे न्या. मनगटाला ओढ बसेल, तिथे थांबा.
• कोपर बरगडीला चिकटवून हातात लाटणे उभे धरा. लाटणे एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे आडवे करा. यातून तळवा आकाशाकडे वळवता येऊ लागतो. ओंजळीने पाणी पिणे, हातात पैसे घेणे, घमेले खालून धरणे ही सगळी कामे याच हालचालीवर अवलंबून असतात. बहुधा हीच हालचाल सर्वांत उशिरा परत येते.

हे दिवसातून चार ते सहा वेळा, प्रत्येकी दहा वेळा करावे. एकदाच तासभर करून हात सुजवण्यापेक्षा थोडे थोडे आणि वारंवार केलेले फळ देते. ठिबकने झाडाला पाणी देतो तसेच हे आहे.

किती दुखू द्यावे? व्यायामानंतरचे दुखणे अर्ध्या तासात शमले तर प्रमाण बरोबर आहे. दुसऱ्या सकाळी हात अधिक सुजलेला आणि अधिक ताठ वाटला तर आदल्या दिवशी जास्त झाले. निम्मे करा, पण थांबू नका.

प्रगती मोजण्याची एक सोपी रीत आहे. दर रविवारी मूठ वळून पाहा. बोटांची टोके आणि तळहात यांच्यात किती बोटांचे अंतर उरते, ते दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. तीन बोटांचे दोन झाले, दोनाचे एक झाले, हे पाहून धीर येतो. लागोपाठ दोन-तीन रविवारी आकडा हलला नाही तर डॉक्टरांना किंवा भौतिकोपचार करणाऱ्यांना दाखवावे.

या उपचाराला कमी लेखू नये. डॉ. पॉल ब्रँड हे १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले आणि कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर त्यांनी शस्त्रक्रिया सुरू केल्या. शस्त्रक्रियेनंतरचा दिवसेंदिवसांचा सराव हा त्यांच्या उपचाराचा अर्धा भाग होता. आपल्या मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी हाताबाहेरून बसवायची तारांची हलकी चौकट तयार केली. ती 'जेस' या नावाने ओळखली जाते. चौकट हाड धरून ठेवते आणि बोटे हलवायला मोकळी राहतात. हाड स्थिर आणि बोटे चालती, हेच सूत्र इथेही आहे. हाडात पट्टी-स्क्रू बसवलेल्या रुग्णांना मनगटाचे व्यायामही पुष्कळदा लवकर सुरू करता येतात. पण त्याचा दिवस शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावा.

७. कामावर परतताना

प्लास्टर निघाले म्हणजे हाड पूर्वीइतके बळकट झाले असे नाही. पहिले काही आठवडे जेवणखाण, झाडलोट, भाजी निवडणे एवढेच करावे. डॉक्टरांनी हाड जुळल्याचे सांगितल्यावर ओले फडके पिळणे, कणीक मळणे यांनी पकड वाढवावी. ज्वारीची भाकरी थापताना मनगट मागे वाकून त्यावर भार येतो, म्हणून आरंभी लहान भाकरी करावी. धार काढणे, फवारणी पंपाचा दांडा हलवणे, चारा कापणे ही कामे त्यानंतर. केळीचा घड खांद्यावर घेणे, पोती उचलणे, विहिरीचे पाणी शेंदणे, कुदळ मारणे ही कामे साधारण तीन महिने तरी दूर ठेवावीत. यंत्रमागावर काम करणाऱ्यांनीही हाच हिशेब धरावा. हाताची सुधारणा वर्षभर होत राहते.

हंगामाच्या दिवसांत हे कठीण आहे, याची जाणीव आहे. पण घाईने पुन्हा इजा झाली तर पुढचाही हंगाम जातो. पूर्वीची सावडीची रीत अशाच वेळेसाठी होती. शेजाऱ्याचा हात मोडला असेल तर त्याची कापणी किंवा घडांची उतरणी आपण करून द्यावी. तो बरा झाल्यावर आपल्या कामी येईल.

८. नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : मालीश करावी काय?
उत्तर : तेल लावून बोटांच्या टोकांकडून कोपराकडे हलक्या हाताने चोळावे, सूज उतरायला मदत होते. पण कोणी जोर लावून सांधा वाकवून देतो म्हणाला तर त्याला हात लावू देऊ नये. जबरदस्तीने सूज आणि ताठरपणा दोन्ही वाढतात. सांधा तुमचा तुम्हीच हलवायचा आहे.

प्रश्न : हात आगीसारखा जळजळतो, कातडी चकाकते, घाम येतो, वाराही सोसत नाही. हे काय?
उत्तर : काही रुग्णांना मोडीच्या मानाने फारच जास्त दुखणे आणि सूज येते आणि हाताचा रंग बदलतो. हा मनाचा खेळ नाही, हा खरा आजार आहे. त्याला कुरकुर समजून गप्प करू नये. लवकर ओळखला तर औषधे आणि सौम्य व्यायामाने आराम पडतो. म्हणून आठवडाभरात डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना रात्री मुंग्या येतात.
उत्तर : मनगटातून जाणारी शीर सुजेने दाबली जात असावी. मुंग्या टिकून राहिल्या किंवा बधिरपणा वाढला तर ताबडतोब दाखवावे.

प्रश्न : सगळे ठीक होते, पण एकाएकी अंगठ्याचे टोक वर उचलता येईना.
उत्तर : अंगठा उचलणारी कंडरा मोडीच्या जागी घासून तुटू शकते. हे काही आठवड्यांनी, दुखणे थांबल्यावरही होते. शस्त्रक्रियेने दुरुस्ती होते. उशीर करू नये.

प्रश्न : मला मधुमेह आहे. फरक पडतो काय?
उत्तर : पडतो. मधुमेह असलेल्यांचे सांधे लवकर आखडतात. साखर ताब्यात ठेवावी आणि व्यायामात एकही दिवस खाडा करू नये. तंबाखू आणि विडीनेही हाड जुळायला उशीर लागतो. निदान तेवढे महिने ती सोडावी, आणि सुटली तर पुन्हा धरू नये.

प्रश्न : खर्चाचे काय?
उत्तर : बुऱ्हाणपूर २००३ साली स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा रुग्णालयात प्रथम चौकशी करावी. शस्त्रक्रियेसाठी दाखल व्हावे लागले तर २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेचे कार्ड सोबत न्यावे. बाहेरच्या बाहेर तपासून घेण्याचा खर्च त्यात येत नाही. घरी करायचे व्यायाम मात्र फुकट आहेत, आणि अर्धा उपचार तोच आहे.

९. पन्नाशीपुढील बहिणींसाठी

साधे घसरून पडल्याने मनगट मोडले असेल तर हाडे ठिसूळ झाल्याची ती पहिली सूचना समजावी. आज मनगट मोडले, दहा-पंधरा वर्षांनी खुबा मोडू शकतो, आणि खुब्याच्या मोडीतून उठणे कठीण असते. म्हणून डॉक्टरांना हाडांच्या घनतेविषयी मुद्दाम विचारावे. आहारात दूध, ताक, तीळ, नाचणी, शेवग्याचा पाला असू द्यावा. रोज थोडा वेळ अंगावर ऊन घ्यावे आणि चालावे. चश्मा वेळेवर बदलावा. अंगणातले शेवाळ घासून काढावे आणि रात्री गोठ्यात जाताना दिवा न्यावा.

थोडक्यात (हा भाग कापून भिंतीवर लावावा)

• अंगठी, बांगड्या लगेच काढा.
• हात छातीपेक्षा उंच.
• बोटे पहिल्या दिवसापासून, दर दोन तासांनी.
• खांदा आणि कोपर रोज हलवा.
• बोटे गार, निळी, बधिर झाली किंवा कळ वाढत गेली तर त्याच रात्री दवाखाना.
• जड काम तीन महिने नाही, हलके काम रोज.
• दर रविवारी मूठ मोजा.

ज्यांच्या घरी सध्या कोणाच्या हाताला प्लास्टर आहे, त्यांनी हा लेख त्यांना वाचून दाखवावा आणि सहा हालचाली त्यांच्यासोबत बसून स्वतःही कराव्यात. एकट्याने कंटाळा येतो, सोबतीने नेम टिकतो.